कोण कुठं झोपतं

भूकंपानंतर आमच्या जिल्ह्यातल्या एका गावात माणशी पाणी वाढलं. माणशी जमीन वाढली, मोकळी जागा वाढली, शाळेत एका मास्तरमागची मुलं कमी झाली. तो तक्ता मीच टाईप केला होता. लातूरच्या कचेरीत मी सांख्यिकी सहायक म्हणून नुकतीच लागले होते आणि भूकंपाच्या आधीची आणि नंतरची स्थिती शेजारी-शेजारी मांडा, असं साहेबांनी सांगितलं होतं. मी मांडली. रकान्यामागून रकाना, गाव आधीपेक्षा बरं दिसायला लागलं. विहीर तीच होती, तिचं पाणी वाटून घेणारी माणसं कमी झाली होती, एवढंच. साहेबांनी कागद वाचला, घडी घातली आणि चष्मा काढला. मग म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. पण हा कुठं पाठवू नका."

पुढं अख्खी नोकरी मी हेच काम केलं. आधी नांदेडला, मग पुन्हा लातूरला. शहर बरं चाललंय की नाही हे कशावरून ओळखायचं, ते ठरवायचं. आमच्या भाषेत त्याला निर्देशक म्हणतात. घरी आईला मी सांगायची, ताप आलाय का हे बघायला तू कपाळाला हात लावतेस ना, तसं शहराचं कपाळ कुठं आहे ते आम्ही शोधतो. आई म्हणायची, मग हात लावा की, त्याला एवढ्या बैठका कशाला?

बैठका लागतात, कारण कपाळाची जागा चुकली की ताप सापडत नाही. घरोघरी नळ किती हे मोजलं तर लातूर कायम उत्तम. नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे विचारलं की चित्र पालटतं. नांदेडला एकदा शहराची हिरवी मोकळी जागा अचानक वाढलेली दिसली. सगळे खूश. मी नकाशा घेऊन बसले तेव्हा कळलं की झाडं आहेत म्हणून कुणीतरी स्मशानभूमी आणि कब्रस्तानं त्यात धरली होती. शहर जितकं मरेल तितकं हिरवं होईल, अशी ती मांडणी. मी त्या काढून टाकायला लावल्या तर समितीतले एक सभासद रागावले. म्हणाले, मॅडम, सावली ती सावली. 'शाश्वत विकास' हा शब्द नंतर आला, तेव्हा मला वाटलं, चला, आता तरी लोक पुढच्या पिढीचं विचारतील. विचारलंही. पण रकाने बरेचसे तेच राहिले.

त्या भूकंपाच्या गावात मी तक्त्याच्या आधी जाऊन आले होते. भूकंप झाल्याच्या तिसऱ्या दिवशी आम्हा कचेरीतल्या लोकांना मोजणीसाठी पाठवलं होतं. मोजायला गाव नव्हतंच. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं धाबं अशी ती घरं, सगळी एकमेकांवर बसलेली. गल्ली कुठली, अंगण कुठलं काही कळत नव्हतं. जवान फावडी घेऊन उभे होते आणि खणायचं कुठं, हाच प्रश्न होता.

तिथं शांताबाई नावाची बाई होती, माझ्याच वयाची. उकडतंय म्हणून त्या रात्री ती बाहेर ओट्यावर झोपली होती, म्हणून वाचली. ती त्या ढिगाऱ्यावरून अनवाणी चालायची, थांबायची आणि सांगायची. "हितं खणा. थोरली जाऊ चुलीच्या अंगाला झोपती. पोरगी तिच्या पाठीशी." जवान खणायचे. थोरली जाऊ चुलीच्या अंगालाच असायची, पोरगी पाठीशी. शांताबाई रडत नव्हती. ती 'झोपती' म्हणत होती, 'झोपायची' नाही. तिला आजूबाजूची घरं माहीत होती. त्यापुढची घरं दुसऱ्या बाईला माहीत होती. अशी माणसामागून माणसं उभी राहिली आणि ढिगाऱ्यातून गाव पुन्हा दिसायला लागलं. कोण कुठं झोपतं याचा एक नकाशाच होता तो, सगळ्यांच्या मिळून डोक्यात.

एकच जागा त्या नकाशात नव्हती. बाहेरगावाहून बदलून आलेले एक मास्तर एका खोलीत भाड्यानं राहायचे. शांताबाई तिथं थांबली आणि म्हणाली, "मास्तर ऱ्हातात हितं. कुठं झोपतात ते काय म्हाईत न्हाई." ती जागा सगळ्यात शेवटी खणली. मास्तर दाराजवळ सापडले. डॉक्टरांनी त्यांचे हात पाहिले, नखं पाहिली आणि हळू आवाजात म्हणाले की हे लगेच गेलेले नाहीत.

मधली बरीच वर्षं सोडून देते.

लातूरची कीर्ती आता तुम्हाला मी सांगायला नको. अर्ध्या महाराष्ट्रातली मुलं डॉक्टर व्हायला इथं येतात. कोचिंगच्या भागात जुनी घरं पाडून चार-चार मजले उभे राहिले आणि मजल्यावर मजला खोल्याच खोल्या. निवृत्तीला थोडा काळ उरला असताना शहराचा शाश्वत विकास मोजायचा प्रकल्प आला. पुण्याचे सल्लागार होते, देवधर नावाचे. सज्जन माणूस. निर्देशक कुठले घ्यायचे ते आम्ही दोघांनी मिळून ठरवायचं होतं. चाचणी म्हणून काही गल्ल्या तपासल्या. त्यात कोचिंगच्या भागातली एक गल्ली पहिली आली, आणि थोडीथोडकी नाही, पार पुढं. साक्षरता पूर्ण. वीज पूर्ण. भांडणाची तक्रार नाही. रस्त्यावर उघड्यावर झोपणारं कुणी नाही. बालमृत्यू शून्य.

मी देवधरांना विचारलं की बालमृत्यू शून्य कसा? ते म्हणाले, नोंदच नाही. मी जन्माची नोंद काढायला सांगितली. तीही नव्हती. त्या गल्लीत कुणी जन्मत नव्हतं आणि कुणी मरत नव्हतं. म्हातारं माणूस नव्हतं. देवधर हसले, पण थोडंसंच. मी म्हणाले, चला, बघून तरी येऊ.

भर दुपारी गेलो. ऊन होतं, परीक्षा जवळ आली होती, वर्ग संपून नुसती उजळणी चालू होती. गल्लीत शेकडो मुलं-मुली राहत होती आणि आवाज नव्हता. शहरात दुपारी कुठंतरी कुकरची शिट्टी होते, कुणी कुणाला हाक मारतं, बाळ रडतं. इथं नुसता पंख्यांचा आवाज, सगळ्या खिडक्यांतून एकदम येणारा, एखादं मोठं जनावर झोपल्यासारखा. खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. डबेवाला आला, दारादारांशी डबे ठेवले, न बोलता गेला. तुळस कुठं दिसली नाही. मी इतकी वर्षं शहरं मोजली, पण भर गर्दीत इतकं ओसाड कधी वाटलं नव्हतं.

तिथं मला मास्तर आठवले. मी देवधरांना म्हणाले, आपल्या यादीत एक प्रश्न घालू या. तुम्ही रात्री कुठं झोपता, हे तुमच्या घरच्यांशिवाय आसपासच्या कुणाला माहीत आहे का? बस, एवढाच.

देवधरांनी नकार दिला नाही. म्हणाले, विचारून बघा, उत्तरं कशी येतात ते बघू.

गल्लीतल्या एका मुलींच्या वसतिगृहात मी विचारायला गेले. पुरुषांना आत मज्जाव, म्हणून देवधर खाली थांबले. वसतिगृह महानंदाबाईंचं. त्या मूळच्या रेणापूरकडच्या, नवरा गेल्यावर घरावर मजले चढवून मुली ठेवायला लागलेल्या. कपाळाला विभूती, आवाज दबका. मुलींचा अभ्यास मोडू नये म्हणून त्या स्वतःच्या घरातही हळूच बोलायच्या. वाईट बाई नव्हती. कुणाला ताप आला तर पेज करून द्यायची.

वरच्या मजल्यावर मी खोली-खोलीत जाऊन विचारलं. मुली नम्र होत्या, पण उत्तरं अर्ध्या वाक्यात. शेजारी कोण राहतं? पहिलं नाव सांगायच्या, आडनाव नाही. गाव कुठलं? माहीत नाही. टोकाच्या खोलीचं मात्र सगळ्यांनी सांगितलं. तिथं रेणुका राहते, लई अभ्यास करून राहिली, बाहेरच येत नाही. जणू ती त्या मजल्यावरची सगळ्यात ओळखीची मुलगी. मग मी विचारलं, दिसायला कशी आहे? एकीनं सांगितलं, उंच आहे, लांब वेणी. दुसरी म्हणाली, ठेंगणी, केस कापलेले. तिसरीला तिचा चष्मा आठवत होता. कुणीही खोटं बोलत नव्हतं. मी त्यांचे चेहरे बघत होते.

रेणुकाच्या शेजारच्या खोलीत अश्विनी होती, चाकूरची. तिला मी विचारलं की तू शेवटचं कधी पाहिलंस रेणुकाला? ती म्हणाली, पाहिलं नाही, पण ऐकते ना रोज. पानं उलटते. खोकते. तिचा आवाज आला की मलाही वाटतं, उठावं, वाचावं.

मी टोकाच्या दाराशी गेले. दाराखालून उजेड येत होता. पंखा चालू होता. आणि खरंच, आत कुणीतरी पान उलटलं. थोडं थांबून आणखी एक.

मी दार वाजवलं. महानंदाबाई मागून आल्या आणि माझा हात धरला. "मॅडम, अभ्यासाच्या टायमाला दार वाजवत न्हाई आमी."

मी त्यांना विचारलं की तुम्ही तिला कधी पाहिलंत? त्या बोलायला गेल्या आणि थांबल्या. भाडं वेळच्या वेळी येतं, म्हणाल्या. डबा भरून जातो, रिकामा होऊन येतो. बत्ती चालू असते. मग त्या खाली जाऊन दुसरी किल्ली घेऊन आल्या आणि ती माझ्या हातात दिली, स्वतः लावली नाही.

खोलीत कुणी नव्हतं. पलंगावर चादर ताणून घातलेली, तिच्यावर धुळीचा पातळ थर. भिंतीवर वेळापत्रक. टेबलावर जीवशास्त्राचं जाड पुस्तक उघडं होतं आणि वर पंखा. वाऱ्यानं पान उचलायचं, उभं राहायचं, पडायचं. मग पुढचं. काही वेळानं उलट्या दिशेनं. कडा पिवळ्या पडल्या होत्या. किती आठवडे ते पुस्तक असं स्वतःला वाचत होतं, कोण जाणे.

मुली दाराशी गोळा झाल्या. आत कुणी आलं नाही. डब्याचं कोडं लगेच सुटलं. दाराशी डबा तसाच राहतो म्हणून दोघी-तिघी तो खायच्या आणि धुऊन ठेवायच्या. रेणुकानं दुसरीला खायला सांगितलं असेल, असं प्रत्येकीला वाटलं होतं. अश्विनी मात्र चौकटीला धरून उभी होती. ती मला म्हणाली, "पण काल खोकली ना ती." आजही माझ्याकडं त्याला रकाना नाही.

मी रेणुकाच्या वडिलांना फोन लावला. गंगाधरराव, हिमायतनगरला जळलेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं, वाइंडिंगचं, त्यांचं दुकान. मी शब्द जुळवत होते, तर तेच म्हणाले, आत्ताच मेसेज आला तिचा. जेवले, अभ्यास चालू आहे म्हणून. रोज येतो. फोन केला तर उचलते, दोन शब्द बोलते. काय झालं ताई?

काय झालं ते मी सांगितलं. मग ते म्हणाले, तिला काही बोलू नका, मी येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. किडकिडीत माणूस, इस्त्रीचा पांढरा सदरा. खोलीत उभे राहिले आणि कशालाही हात लावला नाही. मी म्हणाले, पोलिसांत जाऊ. ते म्हणाले, आधी एकदा बोलतो. त्यांनी फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. महानंदाबाई, मी, दाराशी अश्विनी.

"हां बाबा."

"जेवलीस का?"

"आत्ता बसणार. खोलीतच आहे. पुस्तक उघडंच आहे समोर."

पुस्तक उघडंच होतं. त्या रिकाम्या पलंगासमोर तिचा आवाज इतका स्वच्छ ऐकू येत होता की महानंदाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीला टेकल्या. गंगाधरराव त्या पुस्तकाकडं बघत होते. त्यांनी आणखी दोन-तीन साधे प्रश्न विचारले, पाऊस नाही ना, डोळे दुखत नाहीत ना. ती नाही म्हणाली. पण तिच्या आवाजामागं दुसरं काहीतरी होतं. भांडी, पुष्कळ भांडी. पाणी ओतल्याचा आवाज. आणि त्याच्याही मागं, लांबून, पेटीवर म्हटलेलं भजन.

त्यांनी फोन ठेवला आणि सावकाश खाली बसले, जमिनीवरच. "हे लातूर न्हाई ताई," ते म्हणाले. "हे नांदेड. गुरुद्वाऱ्यातलं लंगर हाय ते. माझी बायको दवाखान्यात होती तवा महिनाभर तिथंच जेवलोय मी."

आम्ही त्याच पावली निघालो. खाली थांबलेल्या देवधरांनी त्यांची गाडी दिली, आणि न सांगता स्वतःही पुढं बसले. अहमदपूरच्या पुढं गंगाधररावांनी एकदाच विचारलं की मुलीला डॉक्टर व्हायचं नव्हतं का? ते मला विचारत नव्हते.

अहवालाचं काय झालं ते इथंच सांगून टाकते, नंतर ते सांगावंसं वाटणार नाही. माझा प्रश्न गळाला. शेवटच्या बैठकीत देवधरांनी तो यादीत ठेवायचा पुष्कळ प्रयत्न केला, मग त्यांनीच मला बाजूला घेऊन एक गोष्ट विचारली. मुली कुठं झोपतात हे एकदा कागदावर आलं की तो कागद उद्या कुणाच्या हातात पडेल? ढिगाऱ्यावर ज्या माहितीनं माणूस सापडतं, त्याच माहितीची एरवी भीती वाटावी, असं शहर आहे आपलं. मी स्वतःच्या हातानं तो प्रश्न खोडला. गल्ली पहिली आली ती आलीच. मला अजून वाटतं की वेगळ्या शब्दांत तो विचारता आला असता. ते शब्द सापडायच्या आत मी निवृत्त झाले.

नांदेडला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. लंगर चालूच होतं, ते थांबत नाही. डोक्याला रुमाल बांधून, पदर घेऊन आम्ही आत गेलो. चौकशी करायला मी एका म्हाताऱ्या सरदारणीजवळ गेले. ती पिठाचे गोळे करत होती. रेणुका म्हटल्यावर तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिथल्या दख्खनीत म्हणाली, "मेरे बाजू में सोती बच्ची. रोती थी पहले. अब नहीं रोती." मुलगी घरी जायला निघाली होती, नांदेडला गाडी बदलायला उतरली आणि पुढच्या गाडीत चढू शकली नाही. इथं जेवायला बसली, मग उठून भांडी घासायला लागली. म्हातारीनं तिला आपल्या घरी नेलं. नाव, गाव, वडील, सगळं विचारून घेतलं होतं तिनं. जबरदस्तीनं पाठवायचं नाही एवढंच ठरवलं होतं.

मी तिला बोलवायला निघाले, तर गंगाधररावांनी मान हलवली. त्यांनी जाऊन पंगतीत जागा घेतली, अनोळखी लोकांच्या मधे, मांडी घालून. देवधर त्यांच्या शेजारी बसले. मी खांबाजवळ उभी राहिले.

ती आली. हातात पोळ्यांची टोपली, कपाळावर घट्ट बांधलेली ओढणी. मध्यम उंची, साधा चेहरा, चष्मा नाही. वसतिगृहात कुणीही सांगितल्यासारखी ती दिसत नव्हती. तिथं पोळी ताटात टाकत नाहीत, दोन्ही हात पुढं करून घ्यायची असते. वाढणारं माणूस चेहरे बघत नाही, पुढं आलेले हात बघतं आणि सरकतं. एकामागून एक हात, रांगच्या रांग. वडिलांनीही दोन्ही हात पुढं केले आणि मान खाली ठेवली. तिनं त्यांच्या हातांवर पोळी ठेवली, देवधरांच्या हातांवर ठेवली, त्यापुढच्या बाईच्या ठेवली आणि पुढं निघून गेली. मला वाटलं, ती आता आम्हाला दिसणारच नाही.

रांगेच्या टोकाला ती थांबली. टोपली तशीच धरून पाठमोरी उभी राहिली. तांब्याची तार ओढून ओढून काळे पडलेले, बोटांच्या पेरांवर व्हार्निशचे डाग असलेले ते हात तिनं पाहिले होते, आणि ते कुणाचे, हे आता कुठं तिच्या डोक्यात पोचत होतं. मागचा माणूस म्हणाला, चलो बेटी. ती चालली नाही. वळली, ज्यांना वाढून झालं होतं त्यांच्या समोरून मागं येत गेली, आणि वडिलांच्या पुढ्यात फरशीवर बसली.

गंगाधररावांनी वर पाहिलं. हातातली पोळी मधोमध मोडली आणि अर्धी तिच्यापुढं धरली.

म्हणाले, "आधी खाऊन घे."